एकच दूध दोनदा नोंदलं जातं तेव्हा

कोल्हापूर जिल्ह्यात ज्याच्या दारात म्हैस आहे, त्याला डेअरीची पावती समजावून सांगावी लागत नाही. कोड ४७, म्हैस, सकाळ, ७.३५ लिटर, फॅट ६.३, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ९.१, दर ५२.३०, रक्कम अमुक. (आकडे उदाहरणापुरते. दरावरून वाद नको.) रिलेशनल डेटाबेस, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत माहिती ठेवायची पद्धत, शिकवताना बहुतेक जण कॉलेज, विद्यार्थी आणि विषय घेऊन बसतात. तिथं चूक झाली तरी कुणाचं काही जात नाही, त्यामुळे चूक का टाळायची हेही नीट कळत नाही. दूध संस्थेत चूक झाली की बिलाच्या दिवशी माणूस पावत्यांचा गठ्ठा घेऊन काउंटरवर उभा असतो. म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ.

हिशेब बहुधा एका लांबलचक एक्सेल शीटमध्ये सुरू होतो. एका ओळीत सगळं: नाव, गाव, मोबाईल, बँक खातं, तारीख, लिटर, फॅट, दर, रक्कम. रोज दोन वेळा दूध घालणाऱ्या माणसाचं नाव दहा दिवसांच्या बिलात वीस वेळा येतं. त्यानं मधेच बँक खातं बदललं की वीस ओळी बदलायच्या. अठरा बदलल्या आणि दोन राहिल्या, तर खरं खातं कुठलं हे शीटला विचारून कळत नाही. याच्या उलट, ज्याची म्हैस सध्या भाकड आहे त्याच्या दुधाची ओळच नाही, म्हणून त्याचं नाव आणि खातंही कुठं नाही. सभासद मात्र तो आहेच. माणूस आणि त्या माणसाचं त्या वेळचं दूध या दोन वेगळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्या की असं होतं.

त्या वेगळ्या करायच्या. सभासद हे एक टेबल: नाव, गाव, खातं, प्रत्येकाची एकच ओळ. संकलन हे दुसरं: तारीख, सत्र, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, आणि हे दूध कुणाचं हे सांगणारा सभासदाचा आयडी. नाव तिथं पुन्हा लिहायचं नाही. दरपत्रक तिसरं, आणि पशुखाद्य, ॲडव्हान्स वगैरेच्या कपातीचं चौथं. बिल काढताना ही टेबलं आयडीवरून जोडायची, याला जॉइन म्हणतात. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली. त्याआधीच्या पद्धतींत एका नोंदीतून दुसरीकडे जायची वाट आधीच आखलेली असायची आणि प्रोग्रॅमला त्याच वाटेनं जावं लागायचं. कॉड यांनी वाटाच काढून टाकल्या. दोन टेबलांत सारखी किंमत आहे, एवढ्यावर ती जोडता येतात. म्हणूनच ‘गावनिहाय म्हशीच्या दुधाचा सरासरी फॅट’ हा आधी कुणी न विचारलेला प्रश्नही एका ओळीत विचारता येतो.

३०० सभासदांची संस्था, रोज दोन सत्रं, ३६५ दिवस: वर्षाला २,१९,००० ओळी. साध्या कॉम्प्युटरवरच्या पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरला हे ओझं नाही. त्यामुळे ‘डेटा फार वाढेल’ या भीतीनं टेबलं उलटसुलट करत बसू नये.

प्रायमरी की, म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ ओळखायचा रकाना, निवडताना पहिला मोह कोड नंबरचा होतो. ४७ म्हणजे ४७, सगळ्या गावाला माहीत. पण सभासद वारला की ४७ मुलाच्या नावावर जातो, कुणी सभासदत्व सोडलं की तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. मग जुन्या ४७ चं दूध नव्या ४७ च्या खात्यात दिसू लागतं. मोबाईल नंबरही नको, कारण एका घरात तीन सभासद आणि फोन एक. डेटाबेसनं स्वतः दिलेला, कुणाला न दाखवायचा आणि पुन्हा कधीही न वापरायचा आयडी प्रायमरी की करावा. कोड हा साधा रकाना. चालू सभासदांमध्ये कोड दोनदा येऊ नये एवढा नियम हवा, आणि पोस्टग्रेसमध्ये अटीसह युनिक इंडेक्स (दुबार किंमत नाकारणारी सूची) करून तो नेमका तेवढ्यापुरता लावता येतो.

आता नियमांकडे. ॲपमध्ये तपासणी आहेच, मग टेबलात परत कशाला, असं बरेच जण विचारतात. कारण टेबलात लिहिणारं ॲप एकटं नसतं. आज फोन, उद्या फॅट मशीनला जोडलेला कॉम्प्युटर, परवा कुणीतरी एक्सेलवरून आयात केलेला जुना डेटा. सगळे शेवटी एकाच दारातून आत येतात, म्हणून पहारा त्या दारावर हवा.

फॅटचं उदाहरण घ्या. सकाळच्या गर्दीत ६.३ ऐवजी ६३ टाइप होतं, टिंबाचं बटण नीट दाबलं जात नाही. फॅटचा रकाना डेसिमल (दशांश अंक नेमके साठवणारा प्रकार), एकूण तीन अंक आणि त्यांतला एक टिंबानंतर, असा ठेवला तरी ६३.० त्यात बसतं. म्हणून वर चेकची अट घालायची: फॅट २ ते १३ च्या दरम्यान, लिटर शून्यापेक्षा जास्त. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी इथं आवृत्ती पाहावी. ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्या चेकची अट मुकाट्यानं वाचतात आणि सोडून देतात. एररही येत नाही, अटही लागत नाही. टेबलाच्या व्याख्येत अट लिहिली म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस नेमका तिथंच फसतो. अट लागली का, हे मुद्दाम ६३ घालून बघावं.

पैशाला फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नये हे सगळे सांगतात: ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये ०.३०००००००००००००००४ येते. ठीक, डेसिमल वापरलं. तरी एक पैशाचा फरक शिल्लक राहतो, आणि तो जास्त छळतो. वरच्या पावतीचा गुणाकार करा. ७.३५ गुणिले ५२.३० म्हणजे ३८४.४०५. अर्धा पैसा. पोस्टग्रेसचं राउंड तो वर ढकलतं आणि ३८४.४१ देतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं डेसिमल, सेटिंग न बदलता, जवळच्या सम अंकाकडे वळवतं आणि ३८४.४० देतं. दोघंही आपापल्या नियमानं बरोबर. पावती पायथननं छापली आणि बिल डेटाबेसनं पुन्हा गुणाकार करून काढलं, तर वीस पावत्यांची बेरीज आणि बिल जुळणार नाही. फरक चार-सहा पैशांचा असेल, पण सभासद ते पैसे मागत नसतो. त्याला शंका येते ती यंत्रावर. म्हणून गुणाकार एकाच जागी, एकदाच करावा, आलेली रक्कम संकलनाच्या ओळीत साठवावी आणि बिल म्हणजे फक्त त्या साठवलेल्या रकमांची बेरीज.

नॉर्मलायझेशन, म्हणजे एक गोष्ट एकाच जागी साठवायची शिस्त, नुकतंच शिकलेले लोक इथं हरकत घेतात. रक्कम काढता येते, दर दरपत्रकात आहे, मग दोन्ही ओळीत का साठवायचे? कारण पावती हा दिलेला कागद आहे. दरपत्रक बदलतं, कधी मागच्या तारखेपासून बदलतं, पण त्या सकाळी त्या माणसाच्या हातात दिलेला आकडा बदलत नाही. दिवाळीआधी वर्षाचा दूध दर फरक काढायचा असतो, तेव्हाही त्या वेळी नेमका काय दर दिला होता हे ओळीत असावं लागतं. दरपत्रकातही जुनी ओळ खोडू नये. ‘या तारखेपासून लागू’ असा रकाना ठेवून नवी ओळ घालावी. संकलनात चूक सापडली तर तिथंही आकडा खोडण्यापेक्षा उलट नोंद घालून मग बरोबर नोंद करावी. खतावणी लिहिणारे पूर्वीपासून हेच करत आले आहेत.

फॉरेन की म्हणजे सभासद टेबलात नसलेल्या आयडीचं दूध संकलनात घुसू न देणारा नियम. तो लावताना ‘सभासद खोडला तर त्याच्या नोंदीही खोडा’ हा कॅस्केडचा पर्याय दिसतो. तो निवडू नका. एका क्लिकवर तीन वर्षांचं दूध जातं आणि संस्थेची बेरीज बदलते. खोडण्याला मनाई ठेवावी, सोडून गेलेल्या सभासदाला ‘बंद’ असा शेरा पुरेसा. फोनवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असेल तर तिथं फॉरेन की मुळात बंद असते. कनेक्शन उघडलं की दर वेळी प्राग्मा नावाची आज्ञा देऊन ती चालू करावी लागते.

इथपर्यंत टेबलं एका जागी बसून होती. आता वेब सर्व्हिस, म्हणजे नेटवरून नोंदी घेणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम. संकलन केंद्रावरचा फोन किंवा कॉम्प्युटर नोंद जेसॉनमध्ये (मजकुराच्या ठरलेल्या मांडणीत) बांधून एचटीटीपीनं (वेबच्या संदेश-पद्धतीनं) सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर टोकनवरून (सोबत आलेल्या गुप्त ओळखचिन्हावरून) संस्था ओळखतो, आकडे तपासतो, डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन (सगळं होईल किंवा काहीच नाही असा कामांचा गट) सुरू करतो, ओळ घालतो, कमिट करतो, म्हणजे ती कायम करतो, आणि मगच २०१ (‘नोंद झाली’) असं उत्तर देतो. क्रम महत्त्वाचा आहे. कमिटच्या आधी उत्तर दिलं आणि पुढच्या क्षणी सर्व्हर पडला, तर पावती छापली गेली पण नोंद नाही.

उलटा प्रकार जास्त होतो. गगनबावड्याकडची एखादी वाडी, जुलै महिना, धो धो पाऊस. फोननं नोंद पाठवली, सर्व्हरनं घातली, कमिट केली, उत्तर पाठवलं, आणि उत्तर येता येता रेंज गेली. फोनच्या दृष्टीनं काय झालं? काहीच कळलं नाही. तीस सेकंद वाट पाहून तो टाइमआउट म्हणतो. टाइमआउटचा अर्थ ‘नोंद झाली नाही’ असा घेतला तर तो पुन्हा पाठवतो, आणि ७.३५ लिटरचे १४.७० लिटर होतात. सभासद यावर तक्रार करत नाही. संध्याकाळी टँकर भरताना मापात घट दिसते, आणि संशय मापाड्यावर जातो.

एचटीटीपीतली पोस्ट ही पाठवायची पद्धत ‘पुन्हा पाठवलं तरी चालेल’ असं कुठलंही वचन देत नाही. पुट ही दुसरी पद्धत देते. उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून हवा. नोंदीचा आयडी सर्व्हरनं न देता फोननंच तयार करावा, यूयूआयडी, म्हणजे दुसरीकडे जवळपास कधीच न येणारा लांबलचक क्रमांक. नोंद सेव्ह करताना तो एकदाच तयार होतो, कितीही वेळा पाठवलं तरी तोच राहतो. संकलन टेबलात त्या रकान्यावर युनिक नियम. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून इन्सर्टला (ओळ घालायच्या आज्ञेला) ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ जोडता येतं: आयडी आधीच असेल तर काही करू नकोस. मग सर्व्हरनं आधीची ओळ वाचून पहिल्यासारखंच यशाचं उत्तर द्यावं. इथं ४०९ (‘आधीच्या नोंदीशी विरोध’) पाठवला तर फोन त्याला चूक समजतो आणि ती नोंद कायम ‘प्रलंबित’मध्ये अडकते. ४०९ राखून ठेवावा तो एकाच प्रसंगासाठी: यूयूआयडी तोच, पण लिटर वेगळे.

‘आधी सिलेक्ट करून बघतो, नसेल तर इन्सर्ट करतो’ हा घरगुती उपाय वरवर तसाच दिसतो. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोन्हींना ‘नाही’ असं उत्तर मिळतं आणि दोन्ही घालतात. युनिक नियमाला अशी फट नसते.

मग सभासद, तारीख, सत्र आणि जनावर या चारांवरच युनिक नियम का नाही? सुचतं सगळ्यांना. पण एखाद्याच्या घरी सहा म्हशी असतात आणि तो एकाच सकाळी दोन कॅन घालतो, वेगवेगळं माप, वेगवेगळा फॅट. तो नियम त्याचा दुसरा कॅन परत पाठवेल. चार रकाने जुळले तर स्क्रीनवर ‘दुसरा कॅन आहे का?’ एवढं विचारावं. बंदी मात्र यूयूआयडीवरच.

रेंज नसताना साठलेल्या नोंदी नंतर गठ्ठ्यानं जातात, समजा पन्नास. पन्नासही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या तर एका ६३ फॅटमुळे उरलेल्या एकोणपन्नास परत येतात, आणि फोन तोच गठ्ठा दिवसभर पाठवत राहतो. एकाच्या दुधाचा दुसऱ्याच्या दुधाशी संबंध नाही, तेव्हा प्रत्येक नोंद स्वतंत्र घालावी आणि उत्तरात प्रत्येक यूयूआयडीपुढे निकाल द्यावा. बिलाचं तसं नाही. दुधाची रक्कम जमा, पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्सचा हप्ता वजा, हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. मधे लाइट गेली तर सगळं व्हावं किंवा काहीच होऊ नये.

वेळेचा घोळ मात्र महिनोन्‌महिने लपून राहतो. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ११ तारखेला पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध यूटीसीत १० तारखेच्या रात्री पावणेबाराला पडतं. सर्व्हरच्या वेळेवरून तारीख काढली तर ते १ ते १० च्या बिलात जातं. साडेपाचनंतर आलेल्यांचं बरोबर येतं, त्यामुळे चूक फक्त पहाटे सगळ्यात आधी येणाऱ्या चार-पाच जणांचीच दिसते आणि तीही महिन्यातून तीनदाच. संकलनाची तारीख आणि सत्र हे स्वतंत्र रकाने असावेत, केंद्रावरच भरलेले. नोंद सर्व्हरला कधी पोचली ती वेळ वेगळ्या रकान्यात, टाइमझोनसह. रेंज नसलेल्या दिवशीचं दूध दुसऱ्या दिवशी पोचतं तेव्हाही हे दोन रकाने वेगळे असल्याचा उपयोग होतो.

बँक खातं अंकांचं असलं तरी तो आकडा नव्हे. त्याची बेरीज कुणी करत नाही. मजकूर म्हणूनच साठवावं, जेसॉनमध्येही अवतरणचिन्हांत. नाहीतर पुढची शून्यं गळतात. शिवाय जावास्क्रिप्ट ही वेबची भाषा ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके धरू शकत नाही, आणि आपल्याकडे खाते क्रमांक १८ अंकांपर्यंत जातात. शेवटचा अंक गुपचूप बदलतो.

मराठी नावांचा एक खास त्रास. मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायचा संच) लॅटिन असेल तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठू शकतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत. यूटीएफ८एमबी४ ठेवावा, त्यात देवनागरी बसते. पण तो ठेवूनही ‘गोऱ्हे’ शोधल्यावर सापडत नाहीत, कारण हा ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ऱ हे अक्षर, किंवा र खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर तिन्ही सारखेच. युनिकोडच्या एनएफसी या ठरलेल्या एकसारख्या रूपात आणलं की पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. तो साठवण्याआधी स्वतः बदलून घ्यावा लागतो. मराठी कीबोर्डांची रेलचेल बघता हे करावंच.

आजरा-गडहिंग्लजकडचा एखादा डी'सोझा सभासद झाला की दुसरी गोष्ट कळते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मजकूर जोडून बनवली असेल तर त्याच्या नावातल्या चिन्हावर ती तुटते. तीच फट वापरून बाहेरचा माणूस अख्खं टेबल खोडू शकतो. उपाय एकच, पॅरामीटर. किंमत क्वेरीत चिकटवायची नाही, वेगळी द्यायची.

काही जण मधला सर्व्हर टाळून फोनच थेट डेटाबेसला जोडतात. मग पासवर्ड प्रत्येक फोनमध्ये जातो, आणि पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शनं घेतं. सकाळी सहाला दीडशे केंद्रं उघडली की पन्नास बाहेर. मधे सर्व्हर असला की तो दहा-वीस कनेक्शनांचा पूल ठेवून सगळ्यांचं भागवतो.

इंडेक्सबद्दल, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीबद्दल, थोडकंच. बिलासाठी सभासद आणि तारीख, याच क्रमानं, एक इंडेक्स पुरतो. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या रकान्यावर आपोआप इंडेक्स करत नाही, मायएसक्यूएलचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन करतं. आणि अटीत तारखेवर फंक्शन लावून महिना काढू नका, तो इंडेक्स मग वापरला जात नाही. ‘१ पासून १० पर्यंत’ असं सरळ लिहा.

बॅकअप रोज रात्री घ्यावा, पण त्याच खोलीतल्या हार्डडिस्कवर नाही. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या तळमजल्यांवर काय राहिलं हे इथल्यांना वेगळं सांगायला नको. एक प्रत जिल्ह्याबाहेरच्या सर्व्हरवर जावी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून बघावी. संकलनाच्या ओळी मोजाव्यात, मागच्या दहा दिवसांच्या रकमांची बेरीज काढावी आणि संस्थेनं छापलेल्या बिलाच्या गोषवाऱ्याशी ती पैशापर्यंत ताडून पाहावी.